वय झालंय, दम लागणारच

ताकुओ आओयागी हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. जपानमधल्या निईगाताचे हे अभियंते १९७४च्या सुमारास हृदयातून मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं ते मोजण्याच्या खटपटीत होते. रक्तात रंग सोडायचा, कानाच्या पाळीतून प्रकाश आरपार टाकायचा आणि रंग किती उरला ते पाहायचं, अशी त्यांची रीत. पण नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आलेख थरथरायचा आणि हिशेब चुकायचा. ती थरथर काढून टाकायच्या नादात आओयागींच्या ध्यानात आलं, की रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण या थरथरीवरूनच काढता येईल. सुई न टोचता, रक्त न काढता. पुढे त्यातून बोटाला लावायचा चिमटा तयार झाला. १८ एप्रिल २०२० रोजी, त्या चिमट्यासाठी जगभर धावाधाव चालू असताना, आओयागी वारले. वय ८४.

तोच चिमटा त्या वर्षीच्या सप्टेंबरात महाराष्ट्रात दारोदार फिरला. १५ सप्टेंबरला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई आणि सोबत एखाद-दुसरा स्वयंसेवक. हातात ताप बघायची बंदूक आणि ऑक्सिमीटर. उंबऱ्याबाहेरूनच प्रश्न व्हायचे. ताप आहे का, खोकला आहे का, घरात कुणाला बीपी-शुगर? तरणी माणसं बोट पुढे करून मोकळी व्हायची. आजी किंवा आजोबा आतल्या खोलीत. त्यांच्याविषयी विचारलं की आतबाहेर करणारं कुणीतरी सांगायचं, ‘त्यांना काही नाही हो. वय झालंय, जरा दम लागतो एवढंच.’

कोविडमध्ये वृद्ध का दगावले याची शास्त्रीय उत्तरं बरीच आहेत आणि त्यातली काही या लेखात पुढे येतील. पण या महामारीचा जितका मागोवा घ्यावा तितकं माझं एक मत पक्कं होत जातं. विषाणूइतकीच ‘वय झालंय’ या वाक्यानेही माणसं मारली.

*

फेब्रुवारी २०२०मध्ये चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने पहिल्या ४४,६७२ रुग्णांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यातले २.३ टक्के दगावले होते. सत्तरीतल्या रुग्णांत हे प्रमाण ८ टक्के होतं आणि ऐंशीच्या पुढे १४.८ टक्के. महिन्याभरात ही उतरंड आपल्याकडेही दिसू लागली. देशातला पहिला बळी कलबुर्गीच्या ७६ वर्षांच्या गृहस्थांचा. महाराष्ट्रातला पहिला मृत्यू १७ मार्चला मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात नोंदला गेला, तो रुग्णही साठीच्या पुढचा. त्या ऑक्टोबरात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हिशेब मांडला, तेव्हा देशातल्या कोविडमृत्यूंपैकी ५३ टक्के साठ किंवा अधिक वयाच्या लोकांचे होते. लोकसंख्येत या वयाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास.

श्वसनाची प्रत्येक साथ म्हाताऱ्यांवरच उठते, असं मात्र नाही. मुंबईने याच्या उलटं चित्र पाहिलेलं आहे. १० जून १९१८ला मुंबई बंदरावर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाले आणि इन्फ्लुएन्झाची साथ शहरात शिरल्याचं उघड झालं. पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या लाटेत, ६ ऑक्टोबरला, एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू झाले. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं गेली आणि त्यांत भरणा होता वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट लोकांचा. त्या काळच्या म्हाताऱ्यांनी लहानपणी तशाच एखाद्या फ्लूला तोंड दिलं असावं आणि ती जुनी ओळख त्यांच्या कामी आली असावी, असा एक तर्क संशोधक मांडतात. २०२०च्या विषाणूला असं ओळखणारं कुणी नव्हतं. नव्या शत्रूशी पहिल्यापासून लढायचं होतं, आणि ते तर म्हातारपणी सर्वांत अवघड.

याचं कारण शरीरात आहे. नव्या रोगजंतूंविरुद्ध लढणाऱ्या टी-पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात आणि ही ग्रंथी तारुण्यापासूनच आक्रसत जाते. पूर्वीच्या आजारांशी लढलेले जुने सैनिक उरतात, नव्यांची भरती थंडावते. विषाणू शिरला की शरीर पहिल्या काही तासांत इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून धोक्याची वर्दी देतं. सत्तरीनंतर काही लोकांच्या रक्तात या इंटरफेरॉनलाच निकामी करणारी प्रतिपिंडं सापडतात. कोविडने दगावलेल्यांपैकी सुमारे २० टक्क्यांमध्ये ती होती, असं २०२१ साली एका आंतरराष्ट्रीय गटाने दाखवून दिलं. वर्दी पोचत नाही, विषाणू निर्धास्त वाढतो, आणि आठवड्याभराने उशिरा जागी झालेली प्रतिकारशक्ती फुप्फुसातच धुमाकूळ घालते. त्यातून फुप्फुसांतले वायुकोश द्रवाने भरतात.

फुप्फुसंही तोवर पहिल्यासारखी राहिलेली नसतात. वयाबरोबर बरगड्यांचे सांधे ताठरतात, श्वासपटलाचं बळ घटतं, खोकल्याचा जोर कमी होतो. कातडं कडक झालेला भाता लोहार जिवाच्या आकांताने ओढतो, तसा सत्तरीतला माणूस आजारात श्वास ओढतो. कष्ट जास्त, हवा कमी. त्यात आपल्याकडच्या बायांच्या फुप्फुसांवर चुलीच्या धुराची तीस-चाळीस वर्षं बसलेली असतात. जन्मात विडीला हात न लावलेल्या लोकांना होणाऱ्या श्वसनमार्गाच्या चिवट आजाराकडे पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहून जगाचं लक्ष वेधलं होतं. हा आजार आपल्या खेड्यांत घरोघर आहे. त्याचं निदान मात्र क्वचित होतं, कारण सकाळच्या खोकल्याला आणि चढावर थांबण्याला आपण आजार म्हणतच नाही.

आंध्र आणि तमिळनाडूतल्या रुग्णांचा व त्यांच्या संपर्कातल्या पावणेसहा लाख लोकांचा अभ्यास सप्टेंबर २०२०मध्ये ‘सायन्स’ने छापला. श्रीमंत देशांच्या तुलनेत इथले मृत्यू पन्नास ते चौसष्ट या वयात अधिक दाटलेले दिसले. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार आपल्याकडे दहा वर्षं आधी गाठतात, म्हणजे म्हातारपणही लवकर लागतं, असा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ अधिक अस्वस्थ करणारा आहे. ऐंशीच्या पुढची माणसं रुग्णालयापर्यंत पोचलीच नसतील, तर तक्त्यात दिसतील कुठून? त्याच अभ्यासातली आणखी एक नोंद बोलकी आहे. रुग्णालयात दाखल झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ अमेरिकेतल्या रुग्णांच्या निम्म्याहूनही कमी होता. म्हणजे लोक फार उशिरा आणले जात होते.

*

उशीर का होत होता, ते समजायला म्हातारपणातला आजार कसा दिसतो ते पाहावं लागतं. तरुणाला ताप भरतो, घसा दुखतो, अंग मोडून येतं. पंचाहत्तरीच्या माणसाचा ताप अनेकदा वर जातच नाही. त्याऐवजी जेवण जात नाही. बाथरूमच्या दारात तोल जातो. दुपारी झोपून उठल्यावर सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारली जाते. अमेरिकेतल्या सात केंद्रांमध्ये तातडीच्या विभागात आलेल्या ८१७ वृद्ध कोविडरुग्णांचा अभ्यास झाला, त्यांतल्या २८ टक्क्यांना आल्या वेळीच भ्रम होता. भ्रम झालेल्यांपैकी ३७ टक्क्यांना ताप किंवा धाप ही नेहमीची लक्षणं नव्हतीच. आपल्या घरांत अशा माणसाला ‘बरळतंय’ म्हणतात आणि साखरपाणी देऊन निजवतात.

नाटककार रत्नाकर मतकरींना मे २०२०मध्ये थकवा जाणवू लागला म्हणून रुग्णालयात नेलं, तिथल्या चाचणीत कोविड निघाला आणि काही दिवसांत, १७ मेच्या रात्री, वयाच्या ८१व्या वर्षी ते गेले. आशालता वाबगावकर वयाच्या ७९व्या वर्षीही कामावर होत्या. साताऱ्यात मालिकेच्या चित्रीकरणादरम्यान त्यांना लागण झाली आणि २२ सप्टेंबरला तिथेच त्यांनी प्राण सोडला. या दोघांना उपचार मिळाले, जवळच्यांनी धावपळ केली, बातम्याही झाल्या. थकव्यावर ग्लुकोजचं पाणी देऊन घरीच ठेवलेल्या म्हाताऱ्यांच्या बातम्या झाल्या नाहीत.

कोविडने आणखी एक गोंधळ घातला. यात रक्तातला ऑक्सिजन उतरत जातो, तरी पुष्कळांना धाप जाणवत नाही. धाप लागल्याची जाणीव मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. तो ऑक्सिजनपेक्षा सहज झिरपतो, म्हणून आजारी फुप्फुसातूनही बराच काळ बाहेर पडत राहतो. त्यामुळे ८२ टक्के ऑक्सिजनवर माणूस गप्पा मारतो, चहा मागतो. वृद्धांमध्ये मेंदूची ही घंटा मुळातच मंद झालेली असते. म्हणून तर आओयागींचा चिमटा एवढा मोलाचा ठरला. निरोगी माणसाचं वाचन ९५च्या वर असतं. ९४च्या खाली गेलं की डॉक्टरला कळवायचं, ९०च्या खाली म्हणजे गंभीर, हे आकडे २०२१ उजाडेपर्यंत शेंबड्या पोरालाही पाठ झाले होते. पण चिमट्यालाही मर्यादा आहेत. थंड पडलेली बोटं, जाड नखं, नखांवरची मेंदी याने वाचन चुकतं. त्वचा सावळी असेल तर तो कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरून सिद्ध झालं. सावळ्या म्हाताऱ्यांच्या देशात ही बातमी आतल्या पानावरही फारशी आली नाही.

सहा मिनिटं चालण्याची चाचणीही त्याच काळात घरोघर गेली. चिमटा लावायचा, खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालायचं, आकडा तीन-चारने उतरला तर सावध व्हायचं. तरुणांसाठी उत्तम. गुडघे धरलेल्या आजीने काय करायचं? डॉक्टर मग तीन मिनिटं सांगायचे, किंवा खुर्चीतून उठबस. पालथं झोपण्याचंही तसंच. पाठीकडच्या बाजूला फुप्फुसाचा मोठा भाग असतो, पालथं झोपलं की तो उघडतो आणि ऑक्सिजन चढतो. पण मानेचा स्पॉन्डिलायटिस, सुटलेलं पोट आणि ठिसूळ हाडं घेऊन पालथं पडून राहणं ही शिक्षाच होती. कित्येकांनी ती मुकाट्याने भोगली.

*

रुग्णालयाच्या आतलं जग बाहेरच्यांना दिसतच नव्हतं. रुग्णवाहिका यायची, माणूस एकटा चढायचा. घाईत चष्मा राहायचा, कवळी राहायची, श्रवणयंत्राचं चार्जर राहायचं. आत सगळे पांढऱ्या पोशाखात, तोंडं झाकलेली. ऐकू कमी येणारा माणूस एरवी ओठांकडे पाहून निम्मं बोलणं समजून घेतो, ती सोयही गेली. चोवीस तास दिवे, यंत्रांचे आवाज, दिवस की रात्र कळायला खिडकी नाही. अशा ठिकाणी सत्तरीचा माणूस भ्रमात गेला नाही तरच नवल. मग तो मास्क ओढून काढतो, उठू पाहतो, हातपाय बांधले जातात, गुंगीचं औषध दिलं जातं आणि भ्रम वाढतो. चौदा देशांतल्या अतिदक्षता विभागांतल्या दोन हजारांवर कोविडरुग्णांच्या पाहणीत निम्म्याहून अधिकांना भ्रम झाला होता. गुंगीच्या विशिष्ट गोळ्या-इंजेक्शनांनी त्याचा धोका वाढला. आणि ज्यांना घरच्यांची भेट मिळाली, निदान व्हिडिओ कॉलवर का होईना, त्यांना तो कमी झाला. औषधांच्या यादीत न बसणारा हा उपचार होता. काही परिचारिकांनी स्वतःच्या फोनवरून तो दिला, त्यांच्या ड्युटीच्या कागदावर त्याची नोंद नाही.

औषधांच्या बाबतीत आपण अगदी उलटं वागलो. १६ जून २०२०ला ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन हे जुनं, काही रुपयांत मिळणारं स्टेरॉइड रोज सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं, तर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटतात, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना मात्र काहीच फायदा नाही. दुसरीकडे रेमडेसिवीर. त्याने मृत्यू टळत असल्याचं दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीने ऑक्टोबर २०२०मध्ये सांगितलेलं. तरी एप्रिल २०२१मध्ये रांगा रेमडेसिवीरच्या लागल्या. मुलाने दागिने मोडून, काळ्या बाजारात चौपट-पाचपट पैसे मोजून वडिलांसाठी सहा कुप्या आणायच्या, हे प्रेमाचं माप झालं. सीटी स्कॅनचा ‘स्कोअर’ पंचविसापैकी किती, हे दुसरं माप. स्वस्त असल्यामुळे की काय, डेक्सामेथासोनला कुणी मानच दिला नाही. उलट ते नको तेव्हा, पहिल्या-दुसऱ्या दिवशी, नको तितकं दिलं गेलं. मधुमेही वृद्धांची साखर तीनशे-चारशेवर गेली आणि मे २०२१मध्ये म्युकरमायकोसिसची बुरशी नाकातून गालाच्या हाडात, तिथून डोळ्यात शिरू लागली. महाराष्ट्र आणि गुजरातला तिचा सर्वाधिक फटका बसला. बाजारात मग तिच्यावरच्या ॲम्फोटेरिसिन या औषधाची टंचाई. एका टंचाईतून दुसरीत.

*

टंचाईंची राणी ऑक्सिजन. महाराष्ट्रात १८ एप्रिल २०२१ला एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण सापडले. राज्यात रोज सुमारे १,२५० टन ऑक्सिजन तयार होत होता, गरज १,५०० टनांच्या पलीकडे गेली. ही गरज फुगली कशाने, ते पाहण्यासारखं आहे. मोठ्या जम्बो सिलिंडरमध्ये सात हजार लिटरच्या आसपास वायू असतो. साध्या मास्कने मिनिटाला दहा लिटर दिला तर अकरा-बारा तास पुरतो. नाकातून वेगाने ऑक्सिजन सोडणारं यंत्र मिनिटाला साठ लिटरपर्यंत खातं, त्यावर तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. आणि या यंत्रावर जास्त करून असायचे वृद्ध. ऑक्सिजन संपत आला की आधी श्वास कुणाचा अडेल, हे वेगळं सांगायला नको.

१७ एप्रिलच्या सुमारास मुंबई महापालिकेने ऑक्सिजन संपत आलेल्या सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण एका रात्रीत दुसरीकडे हलवले आणि एकही दगावला नाही. चारच दिवसांनी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीत द्रव ऑक्सिजन भरताना गळती झाली, दाब पडला आणि किमान २२ रुग्ण गुदमरून गेले. मदत वाटेत होती. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले होते. उंच टँकर घाटातल्या बोगद्यांतून आणि पुलांखालून जाईनात म्हणून गाडीला वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा पडला. १,८५० किलोमीटर, पन्नास तास. भरलेले टँकर नागपुरात उतरत नाशिकला पोचले २४ तारखेला. देशातली ही पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस.

या सगळ्यात नंदुरबारचं उदाहरण मनात भरतं. सातपुड्याच्या कुशीतला, आदिवासीबहुल, दर वेळी मागासांच्या यादीत असणारा जिल्हा. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. पहिली लाट चालू असतानाच, २०२०च्या सप्टेंबरात, त्यांनी हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारा प्रकल्प बसवला, नंतर आणखी. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच. झिओलाइट नावाचं खनिज दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतं आणि पलीकडे ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन निघतो. टँकर नको, घाट नको, रेल्वे नको. सोबत त्यांनी ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या. रुग्णाला किती लिटर लागतो, जेवताना नळी बंद केली का, आकडा ९५वर स्थिर असेल तर प्रवाह कमी करता येईल का, हे पाहणं हेच त्यांचं काम. वाया जाणारा ऑक्सिजन वाचला, शिवाय प्रत्येक खाटेशी दर थोड्या वेळाने कुणीतरी थांबू लागलं. वृद्धांच्या बाबतीत हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा होता, असं मी म्हणेन. जे नंदुरबारला जमलं ते ज्या श्रीमंत जिल्ह्यांना जमलं नाही, त्यांना त्याचा जाब कुणी विचारला नाही.

*

त्या एप्रिलमध्ये एक गोष्ट फोनाफोनी फिरली. एका वृद्धाने ‘मी माझं आयुष्य जगलोय’ असं म्हणत आपली खाट एका तरुणासाठी सोडली. ती तशीच घडली का यावर भरपूर वाद झाले. मला त्या वादापेक्षा गोष्ट ऐकून येणारे हुंकार खटकले. किती मोठं मन, किती संस्कार! खाटा कमी का पडल्या हे विचारायचं सोडून आपण म्हाताऱ्याने बाजूला होण्यात धन्यता मानली. इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मार्च २०२०मध्ये अतिदक्षतेसाठी वयाची मर्यादा घालावी लागू शकेल, असं लेखी मांडलं तेव्हा तिथे टीकेचं मोहोळ उठलं. आपल्याकडे असा कागद कुणी काढला नाही. त्याची गरजच पडली नाही. ‘आता त्यांना कशाला त्रास’ असं म्हणून ती मर्यादा घरांनीच घातली. हे फक्त घरांतच झालं नाही. तुरुंगात असलेले पाद्री स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे, पार्किन्सनने हात कापणारे. तळोजा तुरुंगातून उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२१च्या अखेरीस ते रुग्णालयात आले, तिथे कोविड निघाला आणि ५ जुलैला त्यांचा अंत झाला. वृद्धाची तक्रार किती उशिरा ऐकली जाते, याचं हे टोक.

लसीच्या बाबतीत देशाने एक गोष्ट योग्य केली. आरोग्य आणि आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांनंतर लगेच, १ मार्च २०२१पासून, साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. पण नोंदणी मोबाइलवर, ओटीपी नातवाच्या फोनवर, आणि मुंबईत बीकेसीच्या केंद्राबाहेर मार्चच्या उन्हात काठ्या टेकत उभी असलेली रांग. जे अंथरुणाला खिळले होते त्यांचं काय, यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. घरी जाऊन लस देता येणार नाही, असं केंद्र सरकार सांगत राहिलं. अखेर राज्याने तयारी दाखवली आणि मुंबईत घरोघरी लस सुरू झाली ३० जुलैला. दुसरी लाट तोवर ओसरली होती.

लस न घेतलेल्या म्हाताऱ्यांचं काय होतं, ते हाँगकाँगने २०२२मध्ये दाखवलं. श्रीमंत शहर, उत्तम रुग्णालयं, पण ऐंशीच्या पुढच्या बहुतेकांनी लस टाळलेली. जानेवारी ते मार्चच्या ओमायक्रॉन लाटेत तिथे ५,९०६ मृत्यू झाले. ९६ टक्के साठीच्या वरचे, आणि त्यांतले ७० टक्के एकही डोस न घेतलेले. आपल्याकडे त्याच वेळी ओमायक्रॉनला ‘सौम्य’ म्हणून सोडून दिलं जात होतं. लता मंगेशकर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कोविड आणि न्यूमोनियाने रुग्णालयात होत्या. ६ फेब्रुवारीला ९२व्या वर्षी त्या गेल्या. सौम्य हा शब्द विषाणूचं वर्णन करतो, शरीराचं नाही, हे त्या दिवशी शिवाजी पार्कवर जमलेल्या गर्दीच्या लक्षात आलं का, कोण जाणे.

*

जगून परतलेल्यांची कहाणी कमी सांगितली गेली. तीन आठवडे खाटेवर पडून राहिलेल्या सत्तरीच्या माणसाच्या मांड्यांचे स्नायू इतके झिजतात, की घरी आल्यावर त्याला कमोडवरून उठता येत नाही. फुप्फुसात व्रण राहतात. पलंगाशेजारी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरघरत राहतो, वीज गेली की घरादाराची धांदल. काहींची स्मरणशक्ती जी ढासळली ती सावरली नाही. फिजिओथेरपी रोज हवी असते. तालुक्याला आठवड्यातून एकदा मिळाली तरी नशीब.

महाराष्ट्राच्या सरकारी नोंदीत कोविडचे सुमारे दीड लाख मृत्यू आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये देशातल्या अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला, भारत सरकारने तो फेटाळला. आकड्यावर भांडण होत राहील. घरीच गेलेल्या, चाचणी न झालेल्या आणि दाखल्यावर ‘वृद्धापकाळ’ लिहिलं गेलेल्या माणसांना मात्र कोविडच्या सरकारी नोंदीत जागा मिळालेली नाही. वृद्धापकाळ हा आजार नव्हे, तरी तो दाखल्यावर चालतो.

महामारी संपली, न्यूमोनिया संपलेला नाही. दर हिवाळ्यात फ्लू येतो आणि तोही याच वयाला गाठतो. न्यूमोकोकलची लस सरकार आज तान्ह्या मुलांना फुकट देतं, त्यांच्या आजोबांना देत नाही. फ्लूची लस दरवर्षी विकत घ्यावी लागते आणि ती असते हेच अनेक घरांना ठाऊक नाही. राष्ट्रीय लसीकरणात या दोन्ही लसी साठीच्या वरच्यांना मिळाल्या पाहिजेत. ती मागणी निवडणुकीच्या सभेत कुणी करत नाही, कारण म्हातारे स्वतः ‘आता कशाला’ म्हणतात.

तोवर घरात एवढं करा. आजी-आजोबा दोन दिवस नीट जेवले नाहीत, अचानक बरळायला लागले, तोल गेला, नेहमीच्या पायऱ्यांवर मध्येच बसले, तर ऑक्सिमीटर लावा. तो नसेल तर घड्याळ समोर धरून, त्यांना न सांगता, पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजा. चोवीस किंवा त्याहून अधिक भरली तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी डॉक्टरला फोन करा.